रस्त्यावर गेलेला जीव आणि शिक्षेचा प्रश्न

आपल्या वस्त्यांमधून रोज सकाळी माणसे कामाला निघतात. कोणी पायी, कोणी सायकलवर, कोणी दुचाकीवर, तर कोणी शेअर रिक्षात दाटीवाटीने बसून. रस्त्यावर सर्वांत कमी संरक्षण याच माणसांना असते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची आणि जवळजवळ वीस पायी चालणारी होती. आपल्या महाराष्ट्रातच त्या वर्षी पंधरा हजारांवर बळी गेले. हे आकडे नुसते आकडे नाहीत. प्रत्येक आकड्यामागे एक विझलेली चूल आहे आणि शाळा सोडून कामाला लागलेले एक पोर आहे.

पण वाचकहो, या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. ट्रक, टेंपो, डंपर, रिक्षा, एसटी, घंटागाडी यांच्या स्टिअरिंगवर बसलेले हातही पुष्कळ वेळा आपल्याच मुलांचे असतात. शेतावर मजुरी नको, कोणाच्या दारात हात पसरायला नको, म्हणून लायसन्स काढून गाडीवर गेलेला मुलगा एका रात्री कोणाच्या तरी मृत्यूला कारण ठरतो आणि त्याच्याही घरावर आकाश कोसळते. मेलेला आपला आणि मारणाराही आपला, असे प्रसंग दुर्मिळ नाहीत. म्हणून अपघातात जीव गेला किंवा माणूस कायमचा अपंग झाला तर चालकाला शिक्षा कोणती व्हावी, या प्रश्नाकडे आपल्याला परक्यासारखे पाहता येणार नाही.

अलीकडे ‘पर्यायी शिक्षा’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. तुरुंगाऐवजी किंवा तुरुंगाच्या जोडीने समाजसेवा करायला लावणे, पीडित कुटुंबाला भरपाई द्यायला लावणे, पुन्हा वाहन चालवण्याचे शिक्षण घ्यायला लावणे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर देखरेखीखाली सोडणे, असा त्याचा अर्थ. ही कल्पना चांगली की वाईट? उत्तर देण्याआधी कायदा काय सांगतो ते पाहिले पाहिजे.

कायद्यात काय आहे?

जुन्या भारतीय दंड संहितेत हयगयीने मृत्यू घडवल्यास कलम ३०४-अ खाली जास्तीत जास्त दोन वर्षे कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. म्हणजे नुसता दंड भरूनही सुटता येत होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ च्या पहिल्या पोटकलमात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. कमीत कमी किती कैद, हे मात्र लिहिलेले नाही. गंभीर दुखापत झाली असेल तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

याच कलम १०६ मध्ये दुसरे पोटकलमही आहे. अपघात करून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली. ‘थांबलो तर जमाव मारील, पळालो तर दहा वर्षे आत’, अशी त्यांची व्यथा होती. सरकारने आश्वासन दिले आणि नवा कायदा लागू करताना हे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले.

नव्या संहितेने समाजसेवा ही शिक्षेच्या यादीत प्रथमच घातली. पण ती फक्त सहा गुन्ह्यांना लागू आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी आणि माल परत केलेला असणे, दारू पिऊन चारचौघांत गैरवर्तन, अब्रुनुकसानी इत्यादी. रस्त्यावर घडवलेला मृत्यू त्या यादीत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, तडजोडीचा दंड भरून मिटणाऱ्या किरकोळ गुन्ह्यांत दंडाशिवाय समाजसेवाही करून घेण्याची मुभा राज्य सरकारांना दिली. परवाना जप्त झालेल्या चालकाला उजळणीचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवाना परत मिळू नये, अशीही तरतूद आली. याशिवाय १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे. त्याखाली न्यायालय दोषी माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते आणि त्याच वेळी नुकसानभरपाई देण्याचा हुकूमही करू शकते.

म्हणजे दारे आहेत. पण ती कोणासाठी उघडतात आणि कोणासाठी बंद राहतात, हा खरा प्रश्न आहे.

तीनशे शब्दांचा निबंध

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात एका भरधाव परदेशी मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, एका धनाढ्य बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा होता. काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. अटी काय, तर अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, पंधरा दिवस वाहतुकीच्या नियमांचा अभ्यास करावा, समुपदेशन घ्यावे. सारा महाराष्ट्र संतापला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा तर लोकांचा उरलासुरला विश्वासही डळमळला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तो निबंध ही शिक्षा नव्हती, ती जामिनाची अट होती. अल्पवयीन मुलाला सुधारण्याची संधी द्यावी हे बाल न्याय कायद्याचे तत्त्वही चुकीचे नाही. झोपडपट्टीतला सोळा वर्षांचा मुलगा पकडला जातो तेव्हा आपणही त्याच तत्त्वाचा आधार मागतो. मग लोक चिडले कशाने? सुधारणेची ही भाषा इतक्या झटपट, इतक्या स्वस्तात आणि नेमकी पैसेवाल्याच्या वाट्याला आली म्हणून. गेलेल्या दोन जिवांच्या आईबापांना कोणी विचारलेही नाही म्हणून. पर्यायी शिक्षेचे नाव या एका प्रकरणाने जेवढे बदनाम झाले तेवढे दुसऱ्या कशानेही झाले नसेल.

दोन तराजू

आता मागची काही प्रकरणे पाहू.

१० जानेवारी १९९९ रोजी पहाटे दिल्लीत लोदी रस्त्यावर एका बड्या घरातल्या तरुणाच्या बीएमडब्ल्यू गाडीखाली सहा जण मेले. त्यांत तीन पोलीस होते. खटला तेरा वर्षे चालला. ३ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली दोषी धरले. पण त्याने भोगलेली सुमारे दोन वर्षांची कैद पुरेशी मानली आणि दोन अटी घातल्या. पन्नास लाख रुपये केंद्र सरकारकडे भरावेत, म्हणजे ज्या अपघातांत गाडी सापडत नाही त्यांतील पीडितांना त्यातून मदत देता येईल. आणि दोन वर्षे समाजसेवा करावी. पैसे न भरल्यास आणखी एक वर्ष आणि सेवा न केल्यास आणखी दोन वर्षे कैद. पर्यायी शिक्षेचे आपल्या देशातील हे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणावे लागेल.

मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात मजूर मेले, आठ जखमी झाले. दिवसभर रस्त्याच्या कामावर राबायचे आणि रात्री त्याच रस्त्याच्या कडेला अंग टाकायचे, असे त्यांचे जिणे होते. सत्र न्यायालयाने सहा महिने साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड दिला. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती शिक्षा वाढवून तीन वर्षे केली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. शिवाय ही शिक्षाही अपुरीच आहे, पण सरकारने वाढीसाठी अपील केले नाही म्हणून आम्ही थांबतो, अशा अर्थाचे मत नोंदवले. सात मजुरांसाठी अपील करण्याची गरज सरकारला वाटली नाही, हे आपण विसरता कामा नये.

पंजाबातल्या एका प्रकरणात मृताच्या वारसांना पंचाऐंशी हजार रुपये मिळाले म्हणून उच्च न्यायालयाने चालकाची एक वर्षाची शिक्षा चोवीस दिवसांवर आणली होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य करून सहा महिने कैद दिली. पैसे दिले म्हणून शिक्षा माफ होत नाही आणि रस्त्यावरच्या गरीब पादचाऱ्याच्या जिवालाही मोल आहे, हाच त्या निकालाचा सारांश.

आता याच्या शेजारी २००० सालचा एक निकाल ठेवा. हरियाणातील एका बसचालकाच्या गाडीखाली सायकलस्वार मेला. त्याने परिवीक्षेवर सोडावे अशी विनंती केली. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अशा गुन्ह्यांत चालकांना जरब बसलीच पाहिजे, असे कारण दिले. प्रत्येक खटल्याची हकीकत वेगळी असते हे खरे. बीएमडब्ल्यूच्या चालकाने कैद भोगली होती हेही खरे. तरीही पगारावर जगणाऱ्या बसचालकाला जरब आणि पन्नास लाख देऊ शकणाऱ्याला समाजसेवा, असे चित्र सामान्य माणसाला दिसले तर त्याने काय समजावे? कायद्यापुढे सर्व समान, हे वचन बाबासाहेबांनी राज्यघटनेच्या चौदाव्या कलमात दिले. पर्यायी शिक्षेची कसोटी त्याच वचनावर लागली पाहिजे.

ट्रकचालक आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर

१९७९ साली सर्वोच्च न्यायालयात रतनसिंग या ट्रकचालकाचे अपील न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यासमोर आले. त्यांनी दोन वर्षांची शिक्षा कमी केली नाही. जीव गेला आहे, येथे दया दाखवता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. तुरुंगात अशा चालकाला वाहन नीट चालवण्याचे आणि जबाबदारीचे शिक्षण द्यावे आणि गरीब कुटुंब असेल तर अधूनमधून पॅरोलचा विचार व्हावा, असे त्यांनी सुचवले. मृताच्या आश्रितांकडे आपला फौजदारी कायदा पाहतच नाही, ही त्याची मोठी उणीव आहे, असेही त्यांनी बजावले.

पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण त्या छोट्या निकालात पर्यायी शिक्षेचा खरा अर्थ आहे असे आम्हास वाटते. शिक्षा टाळण्यासाठी पर्याय नव्हे, तर शिक्षेला अर्थ यावा म्हणून पर्याय.

धम्म काय सांगतो?

कायदा ज्याला हयगय म्हणतो त्याला धम्मात ‘प्रमाद’ म्हणतात. आपण विहारात पंचशील घेतो तेव्हा पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे स्थान म्हटले आहे. दारू पिऊन गाडीवर बसणारा माणूस पाचवे शील आधी मोडतो आणि पहिले शील नंतर. कोणाला मारावे असा हेतू त्याच्या मनात नसतो आणि भगवान बुद्धांनी हेतूला, म्हणजेच चेतनेला, मोठे महत्त्व दिले आहे. म्हणूनच खून आणि अपघात यांत फरक करणे योग्य आहे. पण प्यालेल्या अवस्थेत किल्ली फिरवणे, झोप अनावर झालेली असताना मालकाच्या धाकाने फेरी मारणे, मोबाईलवर बोलत गाडी हाकणे ही कृत्ये आपोआप घडत नाहीत. ती कोणीतरी करतो, आणि त्यातील काही कोणीतरी करवून घेतो.

अशा वेळी अंगुलिमालाची कथा आठवते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती आवर्जून घेतली आहे. ज्याच्या नावाने कोसल देश थरथरत होता त्या अंगुलिमालाला बुद्धांनी भिक्खू केले, राजा पसेनदीला त्याला बेड्या घालाव्या लागल्या नाहीत. कोणी म्हणेल, पाहा, बुद्धांनीही शिक्षा माफ केली. पण मज्झिम निकायातील पुढचा भाग विसरू नये. अंगुलिमाल भिक्षेला श्रावस्तीत गेला तेव्हा त्याच्यावर ढेकळे आणि दगड पडले. डोके फुटून, चीवर फाटून, भिक्षापात्र मोडून तो परत आला. बुद्धांनी त्याला सांगितले, हे सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. त्याने लोकांना दोष दिला नाही. प्रसूतीत अडलेल्या एका स्त्रीच्या मदतीला तो पुढे गेला. शस्त्र टाकणे, परिणाम सोसणे आणि ज्या जीवनाचा आपण नाश केला त्या जीवनाची सेवा करणे, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. यांतील एकही न करता नुसते माफीपत्र मागणारा अंगुलिमाल होऊ शकत नाही.

पर्यायी शिक्षा हवी, पण कशी?

या सर्वाचा विचार करता पुढील गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली गोष्ट, दारू पिऊन गाडी चालवणारा, जखमीला टाकून पळणारा, पुरावा बदलणारा, अशांना तुरुंगाऐवजी समाजसेवा मिळू नये. कैदेच्या जोडीने ती जरूर असावी.

दुसरी गोष्ट, जेथे दोष क्षणभराच्या बेसावधपणाचा आहे, चालकाने स्वतः जखमीला दवाखान्यात नेले आहे आणि पूर्वीचा गुन्हा नाही, तेथे गरीब चालकालाही परिवीक्षा आणि सेवा यांचे दार उघडे असावे. इंग्लंडमध्ये बिनपगारी कामाची शिक्षा तासांत मोजतात, चाळीसपासून तीनशे तासांपर्यंत. तास श्रीमंतालाही तेवढेच आणि गरिबालाही तेवढेच. पैशाची शिक्षा श्रीमंताला टोचत नाही, वेळेची टोचते.

तिसरी गोष्ट, सेवा ही खरी सेवा असावी. हातात फलक घेऊन चौकात उभे राहणे एवढ्याने भागत नाही. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात स्ट्रेचर ढकलावे, पाठीचा कणा मोडलेल्यांची शुश्रूषा करावी. देखरेख असावी, हजेरीपट असावा आणि खाडा झाला तर कैद असावी.

चौथी गोष्ट, निकालापूर्वी मृताच्या कुटुंबाचे म्हणणे न्यायाधीशांनी ऐकावे. क्षमा करायची की नाही हा त्यांचा अधिकार आहे. ती त्यांच्यावर लादणे हा दुसरा अन्याय होईल.

पाचवी गोष्ट, जो मालक चालकाला अठरा-अठरा तास गाडीवर ठेवतो, ब्रेक दुरुस्त करत नाही, जादा माल भरतो, त्यालाही जबाबदार धरावे. नुसत्या चालकाला आत टाकून मालकाने दुसरा चालक ठेवला तर रस्ता सुरक्षित होत नाही.

आपल्या घरांसाठी काही माहिती

शिक्षेचा खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा, हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. चालक सुटला तरी भरपाई मिळू शकते. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. तो अपघात घडला तेथे किंवा आपण राहतो तेथेही करता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, तेव्हा दिवसकार्य आटोपताच कागदपत्रांच्या मागे लागावे. प्रथम खबरीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, गाडीचा विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती मिळवाव्यात. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात.

घरकाम करणारी आई किंवा पत्नी गेली असेल तर ‘तिची कमाई नव्हती’ असे कोणी म्हणू लागल्यास गप्प बसू नये. घरातल्या श्रमालाही पैशाचे मोल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा, जानेवारी २०२१ मध्येही सांगितले आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हे येथे कामी येते. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचाराची योजनाही जाहीर झाली आहे. दवाखान्यात त्याची मागणी करावी.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणी मागत असेल तर देऊ नये. मृत्यू घडवल्याचा गुन्हा कायद्याने आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. मध्यस्थाने आणलेल्या पाकिटाने तो पुसला जात नाही.

आणि ज्यांची मुले गाडीवर आहेत त्या मातापित्यांनी मुलांना सांगावे, विमा आणि परवाना चालू ठेवा. अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोहोचवणे हे कलम १३४ प्रमाणे तुमचे कर्तव्य आहे. जमाव चवताळला असेल तर सरळ जवळचे पोलीस ठाणे गाठा, पण पळून घरी येऊ नका. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला त्रास होऊ नये म्हणून २०१९ पासून कायद्याचे संरक्षण आहे, हेही वस्तीत सर्वांना कळू द्या. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडीची किल्ली दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाच्या हट्टापुढे नमताना एवढे आठवावे.

रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढून वस्तीतल्या चालकांनी आणि अपघातात माणूस गमावलेल्या कुटुंबांनी एकत्र बसावे, असे आम्ही सुचवतो. एखाद्या जाणत्या वकील बांधवाला बोलवावे. न्यायालयाने कोणती शिक्षा द्यावी हे आपल्या हाती नाही. पण ज्या घरातला कर्ता गेला त्या घरातील मुलांची शाळा सुटू नये, आणि ज्याच्या हातून जीव गेला त्याला दारूच्या नव्हे तर सेवेच्या वाटेवर आणावे, एवढे आपल्या हाती आहे. यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही.

जयभीम!